देखणा गेला, कुरूप परतली

माझ्या लहानपणी आमच्या घरी दोन पोपट होते. एक आजीचा, ओसरीवरच्या पिंजऱ्यातला. दुसरा शेतात, उंच बांबूच्या टोकाला उलटा बांधलेला. पहिला जिवंत होता आणि दिवसातून पन्नास वेळा 'विठ्ठल, विठ्ठल' म्हणे. दुसरा मेलेला होता आणि तो मी मारलेला होता.

आमचे गाव मंगळवेढ्याकडचे. तिथल्या काळ्याभोर रानात थंडीच्या दिवसांत शाळू उभा राहतो. दाणा चिकात आला, की पाखरांच्या धाडी सुरू होतात. चिमणी निदान दाणा टिपते. पोपटाचे तसे नाही. तो कणीसच कुरतडतो, चार दाणे खातो, उरलेले खाली टाकतो आणि दुसऱ्या कणसाकडे वळतो. त्याच्या या उधळेपणाचा वडिलांना फार संताप येई. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मचाणावर बसून पाखरे राखायची, ही आम्हा मुलांची कामगिरी. हातात गोफण, पायाशी गुंड्यांची रास आणि घशात हाळी. मी बारा वर्षांचा असताना एका सकाळी माझा नेम नको तितका अचूक लागला. थवा एकदम उसळला, चिरक्या आवाजात ओरडत त्याने रानावर दोन घिरट्या घातल्या आणि ओढ्यापलीकडे निघून गेला. तो परत आला नाही, हे मुद्दाम सांगून ठेवतो. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

वडील रागावले नाहीत आणि त्यांनी कौतुकही केले नाही. ते पाखरू उचलून त्यांनी बांबूला बांधले, दुसऱ्या पाखरांना दहशत बसावी म्हणून. संध्याकाळी घरी आलो, तेव्हा आजी पिंजऱ्यातल्या राघूला भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरवत होती. "राघूला मारलंस होय रे?" एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा डाळ भरवू लागली. आमचे घर पोपटाचे सोयरे की वैरी, हा प्रश्न त्या रात्री मला पडला. आज सत्तरी ओलांडली, तरी त्याचे सरळ उत्तर मला देता येत नाही. मात्र दूरदेशीच्या दोन प्राण्यांची हकीकत कळल्यापासून हा प्रश्न नीट मांडता येतो, असे वाटते. त्यातला एक पोपटच आहे. दुसरा प्राणी पोपटाशी कोणत्याही बाबतीत मिळताजुळता नाही.

पुढे मी प्राणिशास्त्राचा अध्यापक झालो आणि एका तालुक्याच्या महाविद्यालयात तेहतीस वर्षे शिकवले. आमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात फॉर्मॅलिनने भरलेली एक उंच बरणी होती. तिच्यात वामेसारखा लांबट, भुरकट, सुरकुतलेला एक प्राणी उभा ठेवलेला असे. बरणीवर चिठ्ठी होती, 'पेट्रोमायझॉन'. ज्यांनी ज्यांनी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले, त्यांना ही बरणी आठवेल. वर्ग चक्रमुखी. जबडा नाही, खवले नाहीत, जोडीचे पर नाहीत, अंगात हाड नाही, नुसती कूर्चा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांची सात-सात भोके, माथ्यावर एकच नाकपुडी. आणि तोंड? तोंड म्हणजे एक गोल चकती, तिच्यात शिंगासारख्या दातांची वर्तुळे. मुलींच्या तोंडून 'शी!' आणि मुलांच्या तोंडून 'बाप रे!' निघाले, की मी समाधानाने पुढे म्हणत असे, "हा दुसऱ्या माशांना चिकटून त्यांचे रक्त पितो." मग सगळे जण पेन्सिली काढून जर्नलमध्ये त्या तोंडाची आकृती काढत.

इंग्रजीत या प्राण्याला लॅम्प्री म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही, कारण भारताच्या पाण्यात तो नाही. त्याला थंड प्रदेशांतले पाणी लागते. म्हणजे ज्या प्राण्याबद्दल मी तेहतीस वर्षे इतक्या ठामपणाने बोललो, तो मी जिवंत असा एकदाही पाहिला नव्हता. त्याच्याविषयी जे सांगत होतो, तेही अर्धेच होते. पण ते नंतर.

आधी पोपटाकडे जाऊ. २०१६ साली मी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. ती ओहायो राज्यात सिनसिनाटीला असते. एका रविवारी नातवाला घेऊन तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेलो. वाघ, हत्ती, पाणघोडे पाहून झाल्यावर एका बाजूला जपानी धाटणीच्या छपराची एक छोटी इमारत दिसली. आत जिवंत प्राणी एकही नाही, म्हणून गर्दीही नव्हती. पूर्वी तिथे अशा पक्षिगृहांची रांग होती. त्यातले हे एकच जपून ठेवले आहे, स्मारक म्हणून. १९१४च्या सप्टेंबरात तिथे मार्था नावाची कबुतराची मादी मेली आणि तिच्याबरोबर 'पॅसेंजर पिजन' ही जात संपली. एके काळी या कबुतरांचे थवे आभाळ झाकून टाकीत. ती गोष्ट मला ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते हे, की मार्थाच्या मागोमाग, २१ फेब्रुवारी १९१८ रोजी, त्याच पक्षिगृहात एक पोपटही मेला. त्याचे नाव इंका. त्याची सोबतीण लेडी जेन आदल्या वर्षी गेली होती. दोघे तीस वर्षांहून अधिक काळ एकत्र होते. तो झुरून मेला, असे तिथले रखवालदार म्हणत. मार्थाचे कलेवर बर्फात घालून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात पाठवले गेले. इंकाचे कलेवर कुठे गेले, याचा पत्ता अजून लागलेला नाही. करोलिना पोपट ही जात अशी संपली आणि तिचा शेवटचा पुरावाही गहाळ झाला.

भिंतीवरच्या चित्रासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. हिरवे अंग, पिवळेजर्द डोके, कपाळावर शेंदरी छटा, फिकट चोच, लांब निमुळती शेपटी. आकार आपल्या पोपटाहून लहान. तरी आजीने पाहिला असता, तर तिने त्यालाही राघूच म्हटले असते. पोपट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उष्ण प्रदेश येतो. पण हा पक्षी न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण भागापासून फ्लोरिडापर्यंत, बर्फ पडणाऱ्या मुलखातही राहत असे. नदीकाठच्या जुन्या झाडांच्या ढोलीत दाटीवाटीने झोपणारा, दिवसभर थव्याने कलकलाट करत हिंडणारा. कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांचे विषारी बी तो आवडीने खाई. आपल्याकडे ओढ्याकाठी उगवणारा शंकेश्वर त्याच जातीचा. शेतकऱ्याला त्रासदायक असे हे तण खाणारा पक्षी खरे तर उपकारकर्ताच. पण मग त्या मुलखात वसाहतवाले आले. त्यांनी रान तोडले, सफरचंदाच्या बागा लावल्या, मका पेरला, धान्याच्या गंजी रचल्या. पोपट त्या बागांत उतरला. फळ कच्चे असतानाच तो ते फोडी, आतले बी काढी आणि गर टाकून देई. हे वाचताना मला वडिलांचा चेहरा दिसला. बागवाल्यांनी बंदुका काढल्या.

आता माझ्या गोफणीची गोष्ट आठवा. आमचा थवा दोन घिरट्या घालून निघून गेला होता. करोलिना पोपटाचा थवा जात नसे. एक पाखरू पडले, की बाकीचे ओरडत वर फिरत आणि जखमी सोबत्यापाशी पुन्हा उतरत. पुन्हा बार उडे, पुन्हा काही पडत, उरलेले पुन्हा येत. एका जागी उभ्या राहिलेल्या माणसाला अख्खा थवा संपवता येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑड्युबॉन या विख्यात पक्षिचित्रकाराने हे पाहून लिहून ठेवले आणि पोपट झपाट्याने कमी होत आहेत, हेही तेव्हाच नोंदवले. सोबत्याला सोडून न जाणे, हा ज्या गुणाचा आपण माणसांत गौरव करतो, तोच गुण या पक्ष्याच्या मुळावर आला.

याहून चटका लावणारी हकीकत अलेक्झांडर विल्सनची. विल्सन मूळचा स्कॉटलंडचा विणकर आणि कवी. अमेरिकेत जाऊन तो पक्ष्यांचा अभ्यासक झाला. १८१०मध्ये ओहायो नदीवरून नावेने एकटा जात असताना केंटकीतल्या बिग बोन लिक या जागी त्याने नमुन्यांसाठी या पोपटांवर बंदूक चालवली. थवा फिरून फिरून मेलेल्यांपाशी येत राहिला. ते पाहून त्याचा हात थांबला. एक पोपट पंखाला किरकोळ दुखापत होऊन हाती लागला. विल्सनने तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि हजार मैलांहून अधिक प्रवास त्याच्यासह केला. वाटेत त्याला सोबत म्हणून दुसरा पोपट आणला, तो मेला. तेव्हा विल्सनने त्याच्याजवळ एक आरसा ठेवला. पोपट आपल्याच प्रतिबिंबाला डोके टेकून झोपू लागला. अखेर मेक्सिकोच्या आखातात, विल्सन जहाजावर झोपलेला असताना, तो पिंजऱ्यातून सुटला आणि समुद्रात पडून बुडाला. ज्याने गोळ्या घातल्या, त्यानेच आरसा ठेवला. आमच्या ओसरीवरचा पिंजरा आणि रानातला बांबू यांच्यातले अंतर विल्सनच्या एकाच खिशात मावले होते.

या पोपटावर माणसे प्रेम करत नव्हती, असे कोण म्हणेल? त्याला पिंजऱ्यात पाळत, त्याची चित्रे काढत, त्याची पिसे बायकांच्या टोप्यांवर मिरवत. हे सगळे चालू असतानाच तो संपला. १९०४मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञाला फ्लोरिडातल्या ओकीचोबी सरोवराजवळ तेरा पोपट दिसले. रानातली ही जवळजवळ शेवटचीच खात्रीलायक नोंद. जंगलतोड, ढोल्या बळकावणाऱ्या विलायती मधमाश्या, कोंबड्यांचे रोग अशी इतर कारणेही अभ्यासकांनी सुचवली आहेत. २०१९च्या अखेरीस स्पेनमधल्या एका जुन्या, पेंढा भरलेल्या नमुन्यातून या पोपटाचा जनुकीय आराखडा काढला गेला. शतकानुशतके रोडावत चाललेल्या जातीत जवळच्या नात्यातल्या संकराच्या खुणा दिसतात. त्या इथे दिसल्या नाहीत. म्हणजे जात जराजर्जर होऊन गेली नाही, धडधाकट असताना अचानक गेली. मृत्यूच्या दाखल्यावर माणसाचे नाव लिहायला एवढे पुरेसे आहे.

सिनसिनाटीहून परतल्यावर मी हे सगळे एका जुन्या विद्यार्थिनीला पत्राने कळवले. ती ऑरेगॉन राज्यात असते. उत्तरादाखल तिने एका शोधनिबंधाची प्रत पाठवली आणि वर लिहिले, "सर, तुमचा राघू गेला, पण आपली बरणीतली बाई परत आली बरं का!"

तो निबंध २०००मधला होता. त्याची गोष्ट अशी. ऑरेगॉनमध्ये कॅस्केड पर्वताच्या पूर्व उतारावर मिलर नावाचे एक तळे आहे, साडेपाच हजार फुटांहून अधिक उंचीवर. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी जवळच्या मझामा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि साऱ्या परिसरावर राखेचा व सच्छिद्र दगडांचा थर पसरला. मिलर तळे एका कोपऱ्यात, खालच्या नद्यांपासून तुटलेले असे राहिले. त्यात लॅम्प्रीची एक जात राहत होती. जगातल्या परजीवी लॅम्प्रींमध्ये ही सर्वांत लहान. पूर्ण वाढ झालेली लॅम्प्रीसुद्धा चार इंचांच्या आसपास, म्हणजे तुमच्या-आमच्या करंगळीहून थोडी मोठी. समुद्रात ती जात नाही. तिचा जन्म, जगणे आणि मरणे सगळे गोड्या पाण्यात.

मग माणसांनी त्या तळ्यात ट्राउट मासे सोडले, गळ टाकून पकडण्याच्या हौसेसाठी. लॅम्प्रीला काय कळणार, की हे मासे हौसेचे आहेत! ती त्यांना चिकटू लागली. गळाला लागलेल्या माशांच्या अंगावर गोल वण दिसू लागले आणि तक्रारी झाल्या. अमेरिकेत लॅम्प्रीचे नाव त्या काळात आधीच वाईट झालेले होते. पूर्वेकडे जहाजांसाठी खोदलेल्या कालव्यातून समुद्री लॅम्प्री पंचमहासरोवरांत शिरली होती आणि तिथले ट्राउट तिने जवळजवळ बसवले होते. तिच्यावर सुमारे सहा हजार रसायने तपासून एक जालीम औषध शोधण्यात आले होते आणि १९५८मध्ये ते ओढ्यांत सोडायला सुरुवात झाली. त्याच वर्षी ऑरेगॉनच्या शिकार आयोगाने मिलर तळ्यात टॉक्साफीन ओतले. टॉक्साफीन हे कपाशीवरचे कीटकनाशक. ते इतके घातक, की अमेरिकेत १९८२मध्ये त्याचे बहुतेक उपयोग थांबवण्यात आले आणि भारतात १९८९मध्ये त्यावर बंदी आली. तळे निर्जीव झाले. पुढे विषाचा अंमल ओसरल्यावर पुन्हा ट्राउट सोडण्यात आले. सरकारी भाषेत अशा कामाला 'उपचार' म्हणतात. आपले शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

पुढे १९७३मध्ये कार्ल बाँड आणि टिंग कान या दोन मत्स्यशास्त्रज्ञांनी आधी जमवलेल्या नमुन्यांचा अभ्यास करून जाहीर केले, की मिलर तळ्यातली लॅम्प्री ही एक वेगळीच, जगात इतरत्र न आढळलेली जात होती. 'होती' म्हणायचे, कारण ती आता नाही. एकाच लेखात तिचे बारसे आणि तेरावे उरकले! कोणाला मारतो आहोत, हे मारणाऱ्यांना ठाऊकच नव्हते. नाव तर पंधरा वर्षांनी मिळाले.

आणि मग १९९२मध्ये त्याच पाणलोटातल्या विल्यमसन नदीच्या वरच्या भागात एक चिमुकली लॅम्प्री हाती लागली. शोध सुरू झाला. आणखी काही ओढ्यांत, सायकन नदीच्या वरच्या भागातही ती सापडली. मोजमापे झाली, जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिली आणि २०००मध्ये निश्चित झाले, की हीच ती. विष तळ्यात पडले होते. आजूबाजूच्या ओढ्यांत तिचे भाऊबंद राहत होते, हे कोणाच्या गावीही नव्हते. २००५मध्ये त्याच राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याने तिच्या रक्षणाची योजना मंजूर केली. लॅम्प्रीने तळ्यात परत शिरू नये म्हणून जो अडसर बांधला होता, तो काढायचा आणि लॅम्प्रीला तिचे तळे परत द्यायचे, असा त्या योजनेचा गाभा होता. ज्या हातांनी विष ओतले, त्याच हातांनी दार उघडले. हे त्या खात्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

आता हे दोघे शेजारी ठेवून पाहा. एक देखणा, बोलका, माणसाळणारा. दुसरी मुकी, मिळमिळीत, पाहताच अंगावर शहारा आणणारी. त्याचे घर झाडाच्या ढोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कलकलाटात. तिचे सारे बालपण तळाच्या गाळात. लॅम्प्रीचे पिल्लू आंधळे असते, त्याला दातही नसतात. गाळात तोंड खुपसून, पाणी गाळून, सूक्ष्म शेवाळ खात ते काही वर्षे गुपचूप काढते. मग कायापालट होतो, डोळे येतात, दात येतात. थोडे दिवस मोठेपण भोगायचे, तोंडाच्या चकतीने दगड उचलून ओढ्याच्या तळाशी घरटे करायचे, अंडी घालायची आणि मरायचे. जगातल्या लॅम्प्रींच्या निम्म्याहून अधिक जाती तर मोठेपणी रक्त पीतच नाहीत. त्या काही खातच नाहीत, साठवलेल्या चरबीवर शेवटचे दिवस काढतात. माझ्या तेहतीस वर्षांच्या शिकवण्यात हे वाक्य एकदाही आले नव्हते. दक्षिण आफ्रिकेत सापडलेला, २००६मध्ये जाहीर झालेला लॅम्प्रीचा एक जीवाश्म सुमारे छत्तीस कोटी वर्षांचा आहे आणि तिची ती गोल तोंडाची चकती त्यातही स्पष्ट आहे. डायनोसॉर येण्याआधीपासून ती आहे आणि ते गेल्यानंतरही आहे. पोपटांचे घराणे तिच्यापुढे कालचे पोर.

पण या दोघांवरचा आरोप एकच होता. 'नुकसान करतो.' पोपट बागेचे करतो, लॅम्प्री ट्राउटचे करते. आरोप खोटा होता का? मुळीच नाही. फळे फुटत होती, माशांवर वण पडत होते. माझ्या वडिलांचा शाळूही खरोखर जात होता. गफलत पुढच्या पायरीवर होती. पंचमहासरोवरांत लॅम्प्री ही घुसलेली पाहुणी होती आणि ट्राउट घरचे. मिलर तळ्यात नेमके उलटे, लॅम्प्री घरची आणि ट्राउट पाहुणे. गुन्हा एकाचा आणि शिक्षा नावसाधर्म्यामुळे दुसरीला, असा हा न्याय झाला. करोलिना पोपटाचेही तेच. बाग त्याच्या रानात आली होती, तो बागेत आला नव्हता. घरचा कोण आणि पाहुणा कोण, हे जागा पाहिल्याशिवाय ठरत नाही. आपला कीर पोपट आज लंडनच्या बागांतून हजारोंनी उडतो आहे आणि तिथे त्याच्याविषयी हीच कुरकुर चालू आहे. तिथे तो पाहुणा आहे, मंगळवेढ्यात तो घरचा आहे. पोपट तोच.

आवडीनिवडीचेही तसेच. आम्ही ज्याला 'शी' म्हटले, ती लॅम्प्री इंग्लंडात राजेलोकांच्या पानातले पक्वान्न होती. बाराव्या शतकातला पहिला हेन्री राजा ती अतोनात खाऊन मेला, अशी आख्यायिका आहे. ऑरेगॉनमधले मूळ रहिवासी मोठ्या लॅम्प्रीला आजही मानाचे अन्न समजतात आणि धबधब्याच्या खडकांवरून ती हातांनी पकडतात. रूप, किळस, चव ही सगळी पाहणाऱ्याच्या डोळ्यांतली आणि खाणाऱ्याच्या जिभेवरची. त्यांवर कोणाचे जगणे-मरणे सोपवायचे म्हणजे मोठी जोखीम.

मग लॅम्प्री वाचली ती कशामुळे? माणसाला तिची दया आली म्हणून नव्हे. चार-सहा ओढे आमच्या नजरेतून सुटले म्हणून, आणि वेळ आली तेव्हा कोणीतरी हातातल्या करंगळीएवढ्या जीवाकडे 'असेल काहीतरी' म्हणून न टाकता नीट पाहिले म्हणून. पोपटाला असा सुटलेला ओढा मिळाला नाही. तो सगळ्यांना दिसत होता, ऐकू येत होता, आवडतही होता आणि आपल्या माणसांना सोडून तो जात नव्हता. प्रेम वाचवते, असे आपण धरून चालतो. इंकाच्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर मला तशी खात्री वाटली नाही.

हा लेख इथे संपवता आला असता. पण गेल्या हिवाळ्यात गावाहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. आमच्या शाळूच्या रानात आता त्याने डाळिंब लावले आहे. "अण्णा, राघूंनी पार वाट लावली बघा. निम्मी फळं टोचलीत. तुम्ही एवढं शिकलेले, काहीतरी औषध सांगा."

औषध! मी त्याला सिनसिनाटी सांगितले, मिलर तळे सांगितले. तो शांतपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "अण्णा, तुमचं सगळं खरं. पण हप्ता मला भरायचाय. तुमच्या त्या पोपटाला नाही."

यावर मला लगेच उत्तर सुचले नाही. शहरात बसून पाखरावर प्रेम करणाऱ्याने हप्ता भरणाऱ्याला उपदेश करू नये, एवढे भान मला बांबूवरच्या त्या पोपटाने दिले आहे. औषध घालू नको, कारण औषध फक्त पोपटाला ओळखत नाही, आणि कायद्यानेही तो गुन्हा आहे, हे मी सांगितले. जाळीचा विषय काढला, तर तो खर्चाचे बोलला. अखेर असे ठरले, की जाळीचे निम्मे पैसे मी द्यायचे. त्या रानात माझाही वाटा आहे, तेव्हा नुकसानीतही असायला हवा. पाखरे वाचवा म्हणणाऱ्याने निदान जाळीला हात लावावा.

दिवाळीत गेलो होतो. बागेवर पांढरी जाळी ताणलेली आहे. ओढ्याकडची शेवटची ओळ मात्र उघडी आहे. जाळी कमी पडली का, म्हणून विचारले. "नाही," भाऊ म्हणाला, "ती आजीची ओळ."

मी बराच वेळ ओढ्याच्या काठी उभा होतो. संध्याकाळी थवा आला, त्या ओळीवर उतरला आणि नेहमीसारखा एक घास खाऊन तीन टाकू लागला. अगदी उधळ्या. तळाशी ओढ्याचे थोडे पाणी होते आणि पाण्याखाली गाळ. आपल्याकडे लॅम्प्री नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. पण त्या गाळात काय काय आहे, हे मी सत्तर वर्षांत कधी वाकून पाहिलेले नाही, हेही तितकेच खरे.